खालून पाहिलेली दरी

आमचे हे सगळी हयात ट्रकवर होते आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेत. जळकोटला आमचं घर सोलापूर-हैदराबाद हायवेपासून हाकेच्या अंतरावर. उमरग्याकडून गाडी येत असली की हे वळणावर एक लांब आणि एक तोकडा हॉर्न द्यायचे. मी वर्गात पाढे घेत असले तरी पोरं ओरडायची, "बाई, सर आले!" बाईंचा नवरा म्हणजे सर, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मग तो ट्रक चालवीना का.

यांचं घराणं मेंढरं राखणारं. सासऱ्यांचं निम्मं आयुष्य कळपामागं रानोमाळ गेलं. यांनी काठी सोडून स्टेअरिंग धरलं, पण घरी टिकणं त्यांनाही जमलं नाही. लग्न झालं तेव्हा मी नुकतीच बारावी झाले होते. मला डी.एड.ला यांनीच घातलं. "म्या कायम बाहेर असणार," म्हणाले होते, "तुझं म्हणून तुला कायतरी पायजे." त्या एका वाक्यावर मी पुढं पुष्कळ वर्षं काढली. मात्र गुवाहाटीपासून कोचीपर्यंत रस्ते तुडवलेल्या या माणसाबरोबर मी सोलापूर-तुळजापूरपलीकडं कधी गेले नव्हते. गाडी त्यांची, रस्ता त्यांचा, आणि शाळा माझी. असंच चालायचं.

आम्हाला एकच लेक. पुण्यात इंजिनिअर झाली, अमेरिकेत नोकरीला लागली, तिथंच लग्न करून ॲरिझोनात राहिली. आम्ही दोघं रिटायर झालो तशी तिनं बोलवायचा धोशा लावला. मी तयार होते. हे म्हणायचे, "रस्तेच बघायचे ना? लई बघितलेत." शेवटी एकदा फोनवर ती म्हणाली, "आप्पा, लहानपणी तुम्ही म्हणायचा, मोठी झालीस की गाडीवर बसवून नेतो, घाट दाखवतो. नेलं नाही कधी. आता मी नेते. माझ्या गाडीत बसा." यांनी फोन माझ्याकडं दिला आणि अंगणात जाऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशी पासपोर्टला फोटो काढायला मला घेऊन स्वतःच उमरग्याला गेले.

दसरा झाल्यावर आम्ही निघालो. मी कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि धपाट्यांचं पीठ बांधून घेतलं होतं. लेकीनं सगळं आधीच ठरवून ठेवलेलं. जावयांना सुट्टी नव्हती, म्हणून आम्ही तिघंच. वाळवंटातून गाडीनं जायचं, आधी ग्रँड कॅनियन, मग उत्तरेकडं युटा राज्यात झायन नावाचं राष्ट्रीय उद्यान. मोठमोठ्या दऱ्या, लाल डोंगर. तिनं मला फोटो दाखवले तेव्हा मी हरखून गेले. शाळेत मी वर्षानुवर्षं शिकवलं होतं, नदी खडक कापत जाते तेव्हा घळई तयार होते. फळ्यावर दोन उभ्या रेघा काढायच्या आणि तळाशी पाण्याची एक नागमोडी. घळई शिकवली, पण पाहिली नव्हती.

सकाळी गाडीत बसायच्या वेळी पहिली गंमत झाली. तिकडं स्टेअरिंग डावीकडं. हे सवयीनं उजवीकडचं दार उघडून बसले आणि समोर बघतात तर काहीच नाही. नुसता डबा आणि काच.

"अगं, हितं तर कायच न्हाय," म्हणाले.

"तुम्ही पाहुणे आहात आप्पा. पट्टा लावा."

मी मागं बसले होते, मला हसू आवरेना. पण पुढं तासाभरात माझं हसू विरलं. गाडी हायवेला लागली तसे यांचे दोन्ही हात मांडीवर येऊन बसले, ते काही केल्या मोकळे होईनात. समोरच्या ट्रकच्या जवळ गेलो की यांचा उजवा पाय चटईवर दाबला जायचा. जन्मभर ज्या बाजूला बसून गाडी हाकली त्या बाजूला बसलेत, आणि हातात काही नाही. लेक उत्साहानं दाखवत होती, "हे बघा आप्पा, केवढे निवडुंग, माणसासारखे हात वर करून उभे!" हे मान हलवायचे, पण डोळे रस्त्यावर. पुढं चढ लागला, निवडुंग संपले, पाइनची झाडं आली, हवा गार झाली. चढाला हे पुढं वाकून बसायचे, जणू गाडीला हातभार लावताहेत.

दुपार कलताना आम्ही ग्रँड कॅनियनला पोचलो. गाडी लावली तिथून कडा दिसत नव्हता, झाडंच होती. लेक उतरली, मी उतरले. हे उतरले, चार पावलं चालले. झाडांच्या फटीतून पलीकडं एकदम रिकामं दिसलं. जिथं जमीन असायला पाहिजे तिथं नुसतं आभाळ. हे जागच्या जागी थांबले.

"तुमी जाऊन या," म्हणाले. "माझा गुडघा धरलाय."

"व्हीलचेअर मिळते इथं आप्पा. मी आणते."

"नको म्हणलं ना."

"अहो, आलो आहोत इतक्या लांब," मी म्हणाले.

"मी काय म्हणतो ते ऐका की जरा!" आवाज एवढा चढला की बाजूनं जाणाऱ्या दोघातिघांनी वळून पाहिलं. मग ते दरीकडं पाठ करून एका बाकावर बसले आणि खिशातून संत्रं काढून सोलायला लागले.

आम्ही दोघी कड्याकडं गेलो. खरं सांगते, पहिली दोन मिनिटं मला काही कळलंच नाही. एवढं मोठं एकदम डोळ्यात मावत नाही. लाल, पिवळे, विटकरी, राखी थर, एकावर एक उतरंड रचावी तसे, आणि उतरंडीमागं उतरंड, पार क्षितिजापर्यंत. नदी शोधून सापडत नव्हती. शेवटी लेकीनं बोट केलं तिथं, अगदी तळाशी, दोऱ्याच्या तुकड्याएवढं काहीतरी चमकलं. एवढ्याशा पाण्यानं हे सगळं कापलं. मी फळ्यावर किती चुकीचं चित्र काढत होते, असं वाटून गेलं.

लेक कठड्याला धरून उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते दरी बघून आलेलं नव्हतं.

"आई, मी हे त्यांच्यासाठीच ठरवलं गं. मला वाटलं, रस्त्यावरच्या माणसाला रस्ताच आवडणार. त्यांना माझ्याबरोबर यायचंच नव्हतं का?"

"तसं नाही बाळा."

"मग कसं? लहानपणी पण मी दारात वाट बघत बसायची. ते यायचे आणि झोपायचे."

ती खोटं बोलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे लेक एकटीच सूर्योदय बघायला गेली. हॉटेलच्या खोलीत विजेची किटली होती, तिच्यात मी दुधाची पावडर घालून चहा केला. हे खिडकीपाशी बसले होते. चहा हातात घेऊन बराच वेळ फुंकत राहिले. मग म्हणाले, "ईटचा गडी आठवतो का तुला?"

आठवत होता. यांचा जोडीदार. भूम तालुक्यातल्या ईटचा. दोघं दोन गाड्या घेऊन जोडीनं जायचे. जळकोटला मुक्काम पडला की आमच्याकडं जेवायचा, वैनी वैनी करत ठेचा मागून मागून घ्यायचा. लेक लहान होती तेव्हा कोकणातल्या एका घाटात त्याची गाडी खाली गेली. एवढं मला माहीत होतं. मी दिराबरोबर ईटला जाऊन त्याच्या बायकोला भेटूनही आले होते. हे मात्र आले नव्हते. "गाडी भरलीय, जायलाच पायजे," म्हणाले होते. त्याचा मला तेव्हा राग आला होता. जोडीदार गेला आणि ह्या माणसाला गाडीची पडलीय.

"म्या मागं व्हतो त्याच्या," हे म्हणाले. "दोघांच्या गाडीत साखर. पाऊस अन् धुकं असं की त्याच्या मागचा लाल दिवा तेवढा दिसायचा. त्या दिव्याच्या मागं मागं चाललो व्हतो. एका वळणावर दिवा दिसंना. म्हणलं, वळला असंल. म्या वळलो, तर म्होरं रस्ता मोकळा."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"गाडी लावली अन् दोर बांधून उतरलो खाली. मागनं दुसऱ्या गाड्यावाले आले, पण मी आधी पोचलो. पोती फुटलेली. पावसात साखर इरघळायली, दगडाला हात लावंल तिथं चिकट. तो एका दगडाला टेकून पडलेला. जिता व्हता."

"जिवंत होते?"

"व्हय. वळखलं मला. पाणी मागितलं. कॅन वर गाडीत. जातो म्हणलं तर माझा हात सोडंना. मग वंजळीत पावसाचं पाणी धरून पाजलं. थोडं पेला. बोलला काय न्हाय. नुसता वर बघत व्हता, जिथनं पडला तिकडं. मग थोड्या येळानं न्हाय राहिला."

बाहेर कुणीतरी गाडी सुरू केली, तिचा आवाज गेला. हे पुढं म्हणाले, "वर आणला त्याला. चौघं व्हतो, तरी पाय टिकत नव्हते. तवापस्नं मला कडा बघवत न्हाय. खाली बघितलं की हाताला चिकट लागतंय."

"इतकी वर्षं बोलला नाहीत हो."

"काय बोलायचं? मी यायचो तवा तू शाळंला जायच्या घाईत. अन् सांगून काय व्हनार व्हतं."

आणि मग मला एकेक कळत गेलं. त्या साली यांनी कोकणचा रूट सोडला आणि हैदराबादचा धरला. मला वाटलं होतं, घर रस्त्यावर पडतं म्हणून. मी शेजारणींना अभिमानानं सांगायचे, आमच्या ह्यांना आता घराची ओढ लागलीय. घराची ओढ असेलही. पण हैदराबादच्या रस्त्याला घाट नाही, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"पोरीला सांगू नको," ते म्हणाले. "हौसंनं आणलंय तिनं."

मी नाही सांगितलं. त्यांचं होतं ते, त्यांनीच सांगायला हवं होतं.

दरी मागं टाकून आम्ही उत्तरेला निघालो. तिथून पुढचा मुलूख तिथल्या मूळ रहिवाशांचा, नावाहो लोकांचा. लाल माती, खुरटी झुडपं, दूरदूर एखादं घर. लेक गप्प गाडी चालवत होती. मी मागून उगाच काहीबाही बोलत होते. तेवढ्यात लेकीनं गाडी हळू केली. रस्त्यावर मेंढरं आली होती.

"थांबव!" हे म्हणाले. "थांबव थांबव!"

तिनं गाडी बाजूला घेतली. हे पट्टा काढून उतरलेसुद्धा, गुडघा-बिडघा विसरून. मेंढरं आमच्या मेंढरांपेक्षा अंगानं मोठी, लोकर लांब, त्यात एक-दोन काळी. बरोबर दोन कुत्री, आणि मागून एक म्हातारी बाई, पायघोळ झगा, डोक्याला रुमाल. हे तिच्यापाशी जाऊन उभे राहिले आणि सरळ मराठीत बोलायला लागले. "आमचा बाप पण राखायचा. लई मोठा कळप व्हता. खांड म्हणतो आमी." बाई त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. मग यांनी जिभेनं टाळूला आवाज काढला, मेंढरांना बोलवायचा, सासऱ्यांचा. पुढची दोनचार मेंढरं थबकली, वळून बघायला लागली. बाई मोठ्यानं हसली. तिनं स्वतःचा आवाज काढून दाखवला, तो निराळाच होता, ओठ मिटून केलेला. हे तो करून बघायला गेले आणि नुसती फुंकर निघाली. तिघंही हसलो, म्हणजे मी, हे आणि ती. मी वळून पाहिलं तर लेकही गाडीला टेकून हसत होती. बाईला इंग्रजी येत होतं. तिनं विचारलं, हे कोण, कुठून आले. लेकीनं सांगितलं. बाईनं मान डोलावली आणि म्हणाली, "तुझ्या वडिलांना म्हणावं, इथं पाऊस कमी झालाय." लेकीनं मराठीत सांगितल्यावर हे म्हणाले, "आमच्याकडंबी तीच बोंब हाय म्हणून सांग." आम्ही निघालो तेव्हा तिनं हात वर केला. यांनी दोन्ही हात जोडले.

त्या मुक्कामाला मी बॅगा उघडत असताना लेकीनं मला विचारलं, "आई, आप्पा काल एवढे का चिडले? तुला माहितीय ना?"

"माहिती आहे. पण तू त्यांनाच विचार."

"मला भीती वाटते त्यांना विचारायची. लहानपणापासून वाटते."

"तरी विचार."

झायनला पूर्वेकडून जायचं तर डोंगरातला एक लांब बोगदा लागतो. मोठी गाडी आतून जायची असली की दुसऱ्या बाजूची वाहतूक थांबवतात. आम्ही पोचलो तेव्हा थांबवलेलीच होती. गाड्यांची रांग, सगळ्यांनी इंजिनं बंद केलेली. एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला उतार. हे खडकाकडं तोंड करून बसले होते.

लेकीनं हात स्टेअरिंगवरच ठेवले होते. समोर बघत म्हणाली, "आप्पा, तुम्हाला उंचीची भीती वाटते का?"

मला वाटलं, नेहमीसारखं हुं म्हणून विषय तोडतील. पण त्यांनी सांगितलं. लाल दिव्यापासून सगळं सांगितलं. मला सांगताना एवढं थांबत थांबत सांगितलं होतं, तिला सांगताना आवाज सरळ होता. आणि शेवटी एक गोष्ट सांगितली जी मलाही सांगितली नव्हती.

"तुला गाडीवर न्यायचं खरंच ठरलं व्हतं. त्या सुट्टीत. त्यानंच काढली व्हती गोष्ट, म्हणला पोरीला घाट दाखवू, समुद्र दाखवू. अन् त्याच्या आधीच हे झालं. मग मी तुला कुठल्या घाटात न्यावं, सांग."

लेकीनं कपाळ स्टेअरिंगला टेकलं. तिचे खांदे हलत होते. यांना काय करावं कळेना. त्यांनी हात उचलला, मागं घेतला, मग तिच्या डोक्यावर ठेवला. केस विस्कटतील अशा बेतानं जरा हलवला, लहान पोरांच्या डोक्यावर हलवतात तसा.

"मी तुम्हाला त्या कड्यावर नेऊन उभं करणार होते आप्पा."

"तुला काय ठावं."

"मागं वळू का? दुसरीकडून जाता येतं. लांब पडेल, पण जाता येतं."

"पलीकडं काय हाय?"

"बोगदा संपला की वळणं आहेत, उताराची. ती थोडा वेळ. मग एकदम खाली. आपल्याला वर थांबायचंच नाही. झायनमध्ये माणूस दरीच्या तळाला असतो, नदीपाशी. कडे सगळे वर."

"तळाला?" त्यांनी दोनदा विचारलं.

"तळाला."

रांग हलायला लागली. मागच्यानं हॉर्न दिला नाही, पण तो वाट बघत होता हे जाणवत होतं. हे म्हणाले, "चल. हळू घे."

बोगदा अंधारा. मध्येच डोंगर फोडून काढलेल्या खिडक्या, त्यांतून उजेडाचा तुकडा आत पडायचा आणि पलीकडचा कडा झर्रकन दिसून जायचा. मी मागून यांच्या खांद्यावर हात ठेवला. सदऱ्याखाली खांदा दगडासारखा झाला होता. बोगदा संपला तसा एकदम लख्ख उजेड आला आणि वळणं सुरू झाली. लेक अगदी सावकाश चालवत होती. प्रत्येक वळणाला सांगायची, "डावीकडं वळतेय आप्पा. आता उजवीकडं. आता सरळ." हे डोळे मिटून "हं, हं" म्हणत होते. शेवटच्या वळणानंतर ती म्हणाली, "उतरलो." यांनी डोळे उघडले, आधी काचेतून समोर पाहिलं, मग हळूहळू मान वर केली.

तिथं खासगी गाड्या आत सोडत नाहीत, बसनं जावं लागतं. बस एक पिकलेल्या केसांची बाई चालवत होती. हे तिच्या पाठीमागच्या बाकावर बसले. दोन्ही बाजूंना लाल-पांढरे कडे सरळ आभाळात गेलेले, मध्ये नदी, नदीच्या काठानं पिवळी झालेली झाडं. प्रत्येकजण मान वर करून बघत होता. शेवटच्या थांब्यावर उतरताना यांनी ड्रायव्हर बाईला कपाळाला हात लावून सलाम केला. तिनंही टोपीला हात लावला.

तिथून नदीच्या कडेनं पक्की पायवाट जाते. हे काठी टेकत चालले होते, मी एका बाजूला, लेक दुसऱ्या बाजूला. कडे दोन्हीकडून जवळ जवळ येत जातात. पायवाट संपते तिथून पुढं लोक सरळ पाण्यातून चालत आत जातात, त्यांच्या हातात लांब काठ्या. "सगळे मेंढके दिसतेत," हे म्हणाले. मेंढरं तेवढी दिसत नव्हती.

नदी उथळ होती, गोट्यांवरून खळखळत होती. एका मोठ्या धोंड्यावर आम्ही यांना बसवलं. त्यांनी चपला काढल्या, पाय पाण्यात टाकले आणि "आयाया" करून वर घेतले. पाणी बर्फासारखं. मग पुन्हा टाकले. टेकून बसले, आणि वर बघायला लागले. वर दोन कड्यांच्या मध्ये आभाळाची पट्टी होती, निळी, अरुंद. एक पक्षी तिच्यातून या कडेचा त्या कडेला गेला.

किती वेळ ते तसे बसले होते कोण जाणे. लेक त्यांच्या शेजारी बसून गोटे उचलत होती, ठेवत होती.

"त्याला असं दिसलं असंल," हे म्हणाले. "वर बघत व्हता ना. मला वाटायचं, काय बघतोय."

लेक म्हणाली, "वाईट नाही दिसत आप्पा."

"न्हाय. वाईट न्हाय."

त्यांनी वाकून ओंजळभर पाणी घेतलं, तोंडावर मारलं, दुसऱ्या ओंजळीनं मान पुसली. मग लेकीला म्हणाले, "भूक लागली. तुझ्या आईनं चटणी आणलीय का संपिवली?" आम्ही तिथंच धोंड्यावर कडक भाकरी मोडून चटणीशी खाल्ली. अमेरिकन लोक हसून बघत जात होते. एकीनं थांबून विचारलं, हे काय आहे. यांनी तिला तुकडा दिला. तिला लागला ठसका, आणि हे स्वतः पाण्याची बाटली घेऊन तिच्याकडं उठले.

पुढचे दोन दिवस आम्ही त्याच दरीत राहिलो. लेकीनं ठरवलेली कड्यावरची ठिकाणं तिनं स्वतःच काढून टाकली, आणि हे म्हणाले, "तुमी दोघी जा की. मी खाली बसतो." एक दिवस आम्ही गेलोही. उतरून आलो तर हे नदीकाठी एका पंजाबी कुटुंबाबरोबर बसून हिंदीत गप्पा मारत होते, कुठल्या धाब्यावरचा पराठा चांगला याच्यावर.

संक्रांतीच्या आधी आम्ही जळकोटला परतलो. गावातली माणसं भेटायला यायची, हे विमानातल्या जेवणाला नावं ठेवायचे. बाकी काही सांगायचे नाहीत. संक्रांत झाली आणि एके सकाळी इस्त्रीचे कपडे घालून मला म्हणाले, "ईटला जायचंय. येतीस का?"

भाड्याची गाडी केली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी निसवून उभी होती. ईटमध्ये घर शोधायला वेळ लागला नाही, पण दाराशी आल्यावर यांचा पाय उचलेना. मीच पुढं झाले. त्याची बायको अंगणात तूर पाखडत बसली होती. केस पांढरे झालेले, पण मी ओळखलं. तिनं मला ओळखलं नाही, यांना ओळखलं. सूप खाली ठेवून उभी राहिली, पदर सारखा केला.

"भावजी?" म्हणाली. "आता आलात व्हय?"

"व्हय वैनी. उशीर झाला."

तिच्या मुलानं घोंगडी टाकली, सुनेनं पाणी आणलं. हे पाणी पिऊन बसले आणि इकडचं तिकडचं काही न बोलता सरळ मुद्द्यावर आले. "मी त्याच्यापाशी व्हतो वैनी. शेवटाला. तुमाला कुणी सांगितलं का न्हाय, ठाव न्हाय."

तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं होतं की जागेवरच गेले. हे सांगत गेले तशी ती ऐकत राहिली. हाताशी पडलेले तुरीचे दाणे गोळा करून मुठीत धरत होती. मुलगा दाराच्या चौकटीला धरून उभा होता. बाप गेला तेव्हा तो चालायलाही लागला नव्हता.

यांचं सांगून झालं. मला वाटलं, आता ती रडेल, नाहीतर विचारेल, इतकी वर्षं कुठं होता. तिनं विचारलं, "तुमचा हात धरलेला त्यांनी?"

"व्हय. सोडला न्हाय."

"म्हंजी एकटे नव्हते."

"न्हाय. एकटा नव्हता."

तिनं मूठ उघडून दाणे सुपात टाकले. "पाऊस लागला की मला तेच यायचं बघा मनात," ती म्हणाली. "अशा पावसात एकटंच पडलं असंल माणूस. दर पावसाळ्याला यायचं." मग पदरानं डोळे पुसले आणि मुलाकडं वळून म्हणाली, "बस की रं इथं. तुज्या बापाचे जोडीदार हायती. विच्यार काय विच्यारायचं ते."

मुलगा येऊन बसला. आधी लाजत, मग एकेक विचारायला लागला. बाप गाडी कशी चालवायचा, कसा बोलायचा, उंचीला माझ्याएवढा होता का. हे म्हणाले, "उंचीला तुझ्याएवढाच. पण खायला तुझ्या दुप्पट. हे विचार आमच्या घरात." सगळे माझ्याकडं बघून हसले.

त्याची बायको जेवल्याशिवाय सोडणार नाही म्हणाली, म्हणून मी आत गेले. सून चुलीपाशी होती. मी पीठ मळून घेतलं, ती जाळ बघत होती. बाहेरून यांचा आवाज येत होता. कुठल्यातरी धाब्यावर जोडीदारानं घातलेल्या भांडणाची गोष्ट सांगत होते, आणि मध्ये मध्ये ती, त्याची बायको, हसत होती. सूनबाईनं मला विचारलं, "मामा नेहमीच एवढे बोलत्यात का?"

मी भाकरी थापून तव्यावर टाकली आणि म्हणाले, "नाही गं. आत्ताच लागलेत बोलायला."